वाढीव दोन दिवस

परदेशात मी गेले ती कामाला, हे आधीच सांगून टाकते. फिरणं झालं ते नंतर. आमच्या भागात शेतकरी बायांची एक कंपनी आहे. कंपनी म्हटल्यावर काचेची इमारत डोळ्यांपुढे आणू नका. पत्र्याची शेड, वजनकाटा आणि पाचपन्नास बाया, एवढीच ती. तिच्यातर्फे आम्हा तिघींना आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकाला, केपटाउनला, शेतमाल विकणाऱ्या बायांच्या परिषदेला पाठवलं होतं. मी येडगावची, धरणाच्या पाण्यावर आमची काळ्या द्राक्षांची बाग. दुसरी आहुपेची, डोंगरातली. तिच्या गटाचा हातसडीचा तांदूळ आणि हिरडा. तिसरी आणे पठारावरची, ती बाजरीवाली. गावं तीन दिशांना, पण शेडमध्ये एका चटईवर बसून चहा पिता पिता आमची मैत्री झालेली. सोबत कंपनीतली एक शिकलेली पोरगी होती, इंग्रजी बोलायला. ती आम्हा सगळ्यांना मावशी म्हणायची.

परिषद झाली ती एका मोठ्या हॉलमध्ये. त्या हॉलला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की आभाळ, काही कळायचं नाही. मी द्राक्षांवर बोलले. मी भरभरून चार वाक्यं बोलायचे आणि पोरगी इंग्रजीत एकच बोलायची. बाकीची तीन कुठे गेली, मला अजून कोडं आहे. पण टाळ्या वाजल्या. आहुपेकरणीने हिरडा हातात धरून दाखवला, तर पुढच्या रांगेतल्या गोऱ्या बाईने तो घेऊन चावून बघितला आणि तिचं तोंड असं झालं, की आणेकरीण पदरात तोंड घालून हसत बसली.

सकाळी मात्र हॉटेलच्या खिडकीतून एक डोंगर दिसायचा. माथा सपाट, कुणी विळीने कापल्यासारखा, आणि खाली सरळ कडे. आहुपेकरीण उठल्या उठल्या चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी जाऊन बसायची. एका सकाळी त्या माथ्यावरून ढग खाली सांडायला लागला. दूध उतू जातं तसा. कड्यावरून ओघळायचा आणि निम्म्यात येऊन विरून जायचा. वरून येतच राहायचा, खाली कधी पोचायचा नाही.

"हा उलटाच हाय गं," ती म्हणाली. "आमच्याकडं ढग कोकणातनं वर येतो. कड्याला धरून चढतो अन् मंग घरात शिरतो. ह्यो वरनं खाली पडतोय."

"पडू दे, तुला काय पकडायचाय?" आणेकरीण म्हणाली.

"जवळनं बघायचाय."

परिषदेच्या शेवटच्या दिवशी जेवताना मग आणेकरणीनेच विषय काढला. "इतक्या लांब आलो, अन् घरी जाऊन सांगणार काय? हॉल बघितला? आमच्या पठारावरचं कुत्रंबी इचारील, राव, दर्या बघितला का म्हणून."

पोरगी म्हणाली, "मावशी, तिकीट दोन दिवस पुढं ढकलता येतंय. व्हिसा आहे अजून. मी विचारून ठेवलंय."

विचारून ठेवलंय म्हणजे माझ्या मागे या तिघींचं आधीच ठरलेलं होतं. तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. कारण अडचण होती ती माझीच. माझी बाग काढणीला आलेली.

आता इथे थांबून आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या विहिरीच्या काठाला साती आसरा आहेत, शेंदूर लावलेले सात दगड. काढणीच्या सकाळी घरातली कर्ती बाई पहिला घड स्वतःच्या हाताने कापते, आसरांपुढे ठेवते, नारळ वाढवते, आणि मगच मजूर बाया कात्र्या हातात घेतात. तोवर मणी चाखायला चालतो, घड तोडायचा नाही. पूर्वी बाग नव्हती तेव्हा बाजरीचं पहिलं कणीस असायचं. धरणाचं पाणी आलं, द्राक्ष आलं, रीत तीच राहिली. आणि या रीतीचं एक असं आहे की पहिली कात्री ज्या हाताची, तो हात घरचा कर्ता. ती एक वर्षापुरती कुणाला देत नाहीत. दिली की गेली. माझ्या सासूबाईंना द्राक्षांच्या मांडवाखाली उभं राहवेना झालं तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली, आणि त्या दिवसापासून पाणी कधी सोडायचं, फवारणी कधी करायची, व्यापाऱ्याला किती ताणायचं, हे सगळं घर मला विचारायला लागलं. स्वतः सासूबाईसुद्धा.

माझा मुलगा चाकणला कारखान्यात आहे, सुट्टीला येतो. बाग बघते ती सून. कित्येक वर्षं बघते, चांगली बघते. पण शेवटचा शब्द माझा. ती त्यावर कधी काही बोलली नाही. मात्र दरवर्षी पहिला घड कापताना मी पाठमोरी असते आणि ती माझ्या हाताकडे बघत असते, हे मला पाठीला कळतं.

मी तिला फोन लावला. काढणीला अजून आठवडा आहे ना, हे पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. दोन दिवस राहिले तरी मी वेळेत पोचत होते.

"ऱ्हावा की आई!" ती म्हणाली. "परत कवा जाणाराय? बागेचं मी बघते. तुमी बिनघोर हिंडा."

फोन ठेवला तर आणेकरीण डोळे बारीक करून बसलेली. "लई लगेच ऱ्हावा म्हनली गं तुझी सून. माझी असती तर म्हनली असती, तिकडंच ऱ्हावा."

पहिला दिवस समुद्राचा. पोरीने गाडी ठरवली, आणि आम्ही साड्यांवर स्वेटर, पायांत बूट, अशा निघालो. रस्ता समुद्राच्या कडेकडेने जात होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. मला धरणाचं पाणी माहीत आहे. त्याला पलीकडचा काठ असतो, काठावर कुणाचा तरी ऊस असतो. याला काही नव्हतं. किती वेळ बघत राहिलं तरी नजर टेकायला जागा नाही. मग डोळे आपोआप मिटतात आणि मिटलेल्या डोळ्यांतही ते निळं हलत राहतं. मी गाडीत झोपले नव्हते, पण जागीही नव्हते, असं काहीतरी झालं होतं खरं.

तिथे एका वाळूवर पेंग्विन नावाचे पक्षी होते. लाकडी पूल केलाय, त्यावरून बघायचं. एवढेसे, गुडघ्याएवढे, काळा कोट घातल्यासारखे, आणि चालणं असं की जणू प्रत्येकाला पंगतीत मानाचं पान मिळालंय. ओरडतात मात्र गाढवासारखे.

"सोयरिकीला आलेत," आहुपेकरीण म्हणाली. "पोरीकडचे. बघ, कोनच बसंना आधी."

"त्यो मधला मामा," आणेकरीण म्हणाली. "त्यालाच राग आलाय."

आम्ही त्या कठड्याला टेकून त्या पक्ष्यांचं लग्न लावलं, मोडलं, परत जुळवलं. एक परदेशी जोडपं आमच्याकडे बघून हसत होतं. आम्ही का हसतोय ते न कळताही हसत होतं. वारा इतका, की पदर सांभाळायचा की स्वतःला. मग पाण्यात पाय घातले. बर्फासारखं पाणी. आणेकरीण ओरडली आणि परत पुढे गेली, परत ओरडली. तिच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. ती एवढ्या पाण्याकडे तोंड करून म्हणाली, "अन् ह्यातला एक घोट प्यायचा न्हाई. देवानं काय थट्टा केलीय, बया."

दुसऱ्या दिवशी डोंगर. वर जायला तारेवरचा पाळणा आहे, गोल, काचेचा, आणि त्याची जमीन हळूहळू फिरते. फिरता फिरता तो वर जातो. जात्याच्या वरच्या दगडावर उभं राहिल्यासारखं वाटलं मला. खाली शहर गेलं, मग समुद्र आला, मग कडा आला, कड्यातली फुलं अगदी हाताशी आली आणि गेली, परत शहर आलं. आहुपेकरणीने माझा दंड घट्ट धरला होता. डोंगराची बाई, कड्यावरून गवताचे भारे आणणारी, ती घाबरली नव्हती. ती म्हणाली, "पाय न हलवता डोंगर चढायला लाज वाटती गं."

वर पोचलो तर पठार. खरंच पठार, लांबच लांब, काळा कातळ आणि खुरटी झुडपं. आणेकरीण खाली बसली, कातळावर हात फिरवला. "ह्ये तर आमचंच हाय. फक्त देवळं अन् बाभळी न्हाईत." मग उठून अशी चालायला लागली, की जणू पलीकडे तिचं घर लागेल आणि तिला चूल पेटवायचीय. आम्ही तिच्या मागे. ऊन होतं, वारा होता, आणि लांब समुद्राच्या अंगाने पांढरं काहीतरी जमायला लागलं होतं.

आहुपेकरीण तिकडे तोंड करून कातळावर बसली. ती वाट बघत होती, ढगाची. पाहुण्याची बघावी तशी. मी तिच्या शेजारी बसले. एवढं निवांत मी आयुष्यात कधी बसले असेन असं मला आठवत नाही. लग्नात, मयताला, दवाखान्यात बसलेय, पण ते कशासाठी तरी बसणं. इथे कुणाला माझ्याकडून काही नको होतं. माझे हात मांडीवर पडले होते आणि ते माझेच आहेत का, असं वाटत होतं.

तेवढ्यात पोरीने फोन आणून दिला. सुनेचा होता. तिकडे दिवे लागायची वेळ झाली असणार, इथे अजून टळटळीत दुपार.

"आई, आभाळ भरून आलंय," ती म्हणाली. "दुपारधरनं ढग हाय. फोनवर पावसाचं दाखवतंय, उद्या दुपारपास्नं. व्यापाऱ्याचा फोन व्हता, गाडी उद्या पहाटं पाठवतो म्हनतोय. उद्या न्हाई तर मंग त्यो आठ दिस येनार न्हाई."

"गोडी बघितलीस का?"

"बघितली. खालच्या ओळींची बसलीय. वरच्या दोन ओळी अजून दोन दिस मागत्यात. त्या ठेवायच्या, दुसऱ्या व्यापाऱ्याला. खालच्या आधी काढायच्या, पाऊस आला तर पानी तिकडंच साचतंय अन् मणी तडकत्यात. बायांना सांगून ठेवलंय. पन..."

दोघींना माहीत होतं पुढे काय आहे ते. तिने विचारलं नाही. ती फक्त म्हणाली, "तुमी म्हनाल तर थांबते आई. पाऊस येतोच असं न्हाई."

समोर तो पांढरा ढग आता पठाराच्या कडेला लागला होता. आवाज न करता येत होता. माझ्या बागेवरही एक ढग उभा होता, तो मला इथून दिसत नव्हता. मी डोळे मिटले आणि बाग आठवायला गेले. मांडवाची सावली आठवली, ठिबकच्या नळ्या आठवल्या, सकाळचा वास आठवला. पण खालच्या ओळींचा या वर्षीचा घड काही डोळ्यांपुढे येईना. गेल्या वर्षीचे येत होते, त्याच्या आधीचे येत होते. या वर्षी घडांतल्या मण्यांची विरळणी करायला मी गेलेच नव्हते, गुडघा दुखत होता. पाणी तिकडे साचतं, हेही मला माहीत नव्हतं. माहीत कसं असणार, चर बुजवून नवीन तिनेच काढलेत. मी नुसती बांधावर उभी राहून "बरं हाय" म्हणाले होते.

थांब म्हणणं सोपं होतं. थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती, आणि माल गेला असता तर एक शब्द बोलली नसती. तेच मला जड वाटलं.

"हायेस का गं?" मी विचारलं.

"हाय आई."

"उद्या कात्री तू घाल."

ती हळूच म्हणाली, "म्हंजी तुमी हितं न्हाईसा म्हनून? का..."

"का काय? ही काय उसनी द्यायची वस्तू हाय का? दिली म्हंजी दिली."

वाऱ्याचा आवाज तिला ऐकू जात असेल, मला तिच्याकडचं एक म्हशीचं हंबरणं ऐकू आलं. आणि मग माझी सून, जी कधी माझ्यापुढे मोठ्याने हसली नाही की रडली नाही, ती एकदम म्हणाली, "मंग नारळ दुकानातला आनू, का घरातला चालंल? घरातला गोटा झालाय बहुतेक."

"दुकानातला आन," मी म्हणाले. "हलवून बघ, पाणी वाजलं पायजे."

फोन ठेवला. आहुपेकरणीने सगळं ऐकलं होतं. आणेकरीणही परत येऊन उभी होती. ती तोंड उघडणार, एवढ्यात ढग आला.

आला म्हणजे आमच्या अंगावरून गेला. आधी पायाखालचा कातळ दिसेना, मग बाकीची माणसं दिसेनात. गार, ओला, हातावर बारीक थेंब. मी माझ्याच बोटांकडे बघत होते तर तीही पुसट होत होती. आहुपेकरणीचा आवाज तेवढा आला, अगदी शेजारून, समाधानी. "आला बघ. वास त्योच हाय." कुणीतरी माझा हात धरला. दोघींपैकी कोण, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. वाटलं, असंच बसावं. मी कोण, कुठली, कर्ती की नुसती म्हातारी, काहीच कुणाला दिसत नाही. भीती वाटायला हवी होती, पण अंगातून काहीतरी उतरून ठेवल्यासारखं हलकं वाटत होतं. डोक्यावरचा भारा टाकल्यावर मान कशी थोडा वेळ आपसूक वर वर जात राहते, तसं.

मग लांबून भोंगा वाजला. पोरगी धावत आली. "मावशी, चला, वारा वाढला की पाळणा बंद करतात. भोंगा त्याचाच आहे." आम्ही तिघी एकमेकींचे पदर धरून त्या पांढऱ्यातून रांगेत गेलो. वर येताना मी कडेला उभी राहून सगळं बघितलं होतं. उतरताना पाळण्यात मी मधोमध उभी राहिले आणि आजूबाजूचं सगळं फिरू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा गावाकडे दुपार व्हायला आली होती. म्हणजे जे व्हायचं ते मी झोपेत असतानाच होऊन गेलं होतं. फोनवर फोटो आलेला. सात दगड, ओला नारळ, हळदकुंकू आणि काळा घड. मी फोटो मोठा करून बघितला. घड विहिरीजवळच्या वेलाचा नव्हता. मी दरवर्षी तिथलाच कापायची, सासूबाईही तिथलाच कापायच्या. हा लांब मण्यांचा होता, तिने स्वतः कलम केलेल्या ओळीतला. खरं सांगू, सगळी फिरण्याची मजा त्या क्षणापुरती बाजूला झाली. मग मी फोटो आणेकरणीला दाखवला.

"घड भारी हाय," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "अन् पाऊस आला का?"

पाऊस आला, पण आमच्याकडे नाही. धरणाच्या पलीकडून, ओतूरच्या अंगाने निघून गेला. आमच्याकडे धूळसुद्धा बसली नाही, असं सुनेने संध्याकाळी विमानतळावर असताना सांगितलं. व्यापारी गाडी घेऊन गेला होता, खालच्या ओळी रिकाम्या झाल्या होत्या.

"म्हंजी थांब म्हनली असतीस तरी चाललं असतं की गं," आणेकरीण म्हणाली. "कात्री तुझ्याकडंच ऱ्हायली असती."

"ऱ्हायली असती," मी म्हणाले.

"मंग?"

आहुपेकरीण मध्येच म्हणाली, "मंग काय? ढग असा बिनघोर बघायला मिळाला असता का?" आणि तिने विषय तिथेच संपवला, कारण विमानात खिडकी कुणाला, यावरून त्या दोघींचं सकाळपासून चाललं होतं.

घरी पोचले तेव्हा वरच्या दोन ओळींची काढणी चालली होती. पिशवी ओट्यावर ठेवली आणि कपडेही न बदलता तशीच बागेत गेले. मांडवाखाली बाया बोलत होत्या, क्रेट सरकत होते. कुणीतरी "आल्या, आल्या विमानातनं" म्हणालं, सगळ्या हसल्या. सून लांब टोकाला होती. मला बघून ती क्रेट ठेवून लगबगीने आली आणि पदर सारखा केला. तिचे हात द्राक्षांच्या रसाने काळे झाले होते. तिला वाटलं मी आता ओळीतून फिरून बघणार, कुठे काय चुकलं ते सांगणार. दरवर्षी तेच करते मी.

मी टोपलीतली एक कात्री घेतली. तिच्या तोंडावरचा रंग जरा उतरला.

"कुठली ओळ घेऊ?" मी विचारलं.

तिने मांडवाकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं, थोडा विचार केला, आणि अगदी माझ्यासारखी, भुवई वर करून म्हणाली, "कडंची घ्या. तिथं सावली हाय. अन् आई, देठ लांब ठेवा जरा. ह्या व्यापाऱ्याला आखूड चालत न्हाई."

मी कडेची ओळ घेतली. देठ लांब ठेवले.